बाबांच्या माघारी कर्ज कोणाचं? विदर्भातील कास्तकार कुटुंबांना पडणारे प्रश्न

घरातला कर्ता माणूस जातो आणि तेरवी होण्याआधीच ओसरीवर माणसं येऊन बसतात. सोसायटीचा गटसचिव येतो, कृषी केंद्रवाला येतो, गावातला सावकार येतो. त्या दिवसांत घरचे लोक कशावरही सही करून मोकळे होतात आणि ती सही पुढे कित्येक वर्षं पुरते. म्हणून एकच विनंती आहे: हे पान वाचून होईपर्यंत कुठेही सही किंवा अंगठा करू नका.

खालची माहिती हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांना धरून आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांसाठी वेगळा प्रश्न पुढे दिला आहे.

बाबांचं कर्ज आता मला फेडावं लागेल का?

बाबांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडावं लागेल, तुमच्या स्वतःच्या कमाईतून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात: मृताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी.

समजा, बाबांच्या नावे दीड एकर कोरडवाहू वावर होतं, किंमत ६ लाख, आणि खात्यात ३५ हजार. एकूण ६,३५,००० रुपये. देणी ९ लाखांची. वारस चार: आई, दोन भाऊ, एक बहीण. प्रत्येकाच्या वाट्याला १,५८,७५० रुपयांची मालमत्ता आली, म्हणून प्रत्येकाची जबाबदारी तेवढीच. वरचे २,६५,००० रुपये कोणाकडूनही वसूल होत नाहीत. तुमचा पगार, तुम्ही स्वतः घेतलेला प्लॉट, बायकोचं मंगळसूत्र, आईचं स्त्रीधन यांवर बाबांना कर्ज देणाऱ्यांचा हक्क नाही.

पण एक गोष्ट सांभाळा. आलेली मालमत्ता विकून पैसे भलतीकडे खर्च केले आणि कोर्टात हिशेब देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरतं कोर्ट तुम्हाला व्यक्तिशः धरू शकतं. एक वही करा. बाबांचं काय काय मिळालं, त्यातून कोणाला किती दिलं, पावती कुठे आहे, हे तारखेसह लिहीत जा.

"बापाचं कर्ज फेडणं हा पोराचा धर्मच आहे" असं सांगतात. कायदा तसं म्हणतो का?

पूर्वी म्हणत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू किंवा पणतूवर वसुली लावता येणार नाही, असं ठरलं. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या कर्जांना जुना नियम लागतो, म्हणून फार जुनं कर्ज असेल तर ते कधी घेतलं ती तारीख आधी पाहा.

मनानं फेडायचं ठरवलंत तर तो तुमचा निर्णय आहे आणि त्याला मान आहे. मात्र पावती घेऊन, बँकेमार्फत, आणि घरात पेरणीचे पैसे राहतील असं बघून फेडा.

मग मुलगा स्वतः अडकतो तो कधी?

कर्जाच्या कागदावर तुम्ही सहकर्जदार असाल तर ते कर्ज तुमचंच आहे. जामीनदार असाल तरीही बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, कारण करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "मी फक्त सही केली होती" हे उत्तर तिथे चालत नाही.

तिसरी वाट एकत्र कुटुंबाची. बाबांनी कर्ता म्हणून कुटुंबाच्या गरजेसाठी, म्हणजे पेरणी, विहीर, घरातलं आजारपण अशासाठी कर्ज घेतलं असेल, तर वडिलोपार्जित जमिनीतला इतरांचा हिस्साही त्या कर्जाला बांधला जाऊ शकतो. पीककर्ज बहुतेक वेळा याच गटात मोडतं. जुगार किंवा दारूसाठी घेतलेलं कर्ज त्यात बसत नाही.

चौथी वाट सगळ्यात जास्त घरं अडकवणारी आहे, ती पुढच्या प्रश्नात.

बँकेचे साहेब म्हणतात, "तुमच्या नावावर नवं-जुनं करून घ्या, नवीन कर्जही मिळेल." करावं का?

घाईत अजिबात करू नये. नवं-जुनं म्हणजे बाबांचं थकीत खातं बंद दाखवून तेवढ्याच रकमेचं, व्याजासकट, नवं कर्ज तुमच्या नावावर उघडणं. सही झाली की मर्यादित जबाबदारीचं संरक्षण संपलं. १,४०,००० चं मुद्दल व्याज धरून २,१०,००० झालं असेल, तर आता २,१०,००० हे तुमचं मुद्दल, आणि पुढचं व्याज त्यावर.

दुसरा तोटा मुदतीचा. साध्या उसनवारीची वसुली मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांत कोर्टात जाऊन करावी लागते, तारण जमिनीवरच्या कर्जाला बारा वर्षं आहेत. मुदत संपण्याआधी कोणी लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर मुदत नव्यानं सुरू होते. मुदत संपल्यावरही "मी देईन" असं लेखी वचन दिलं तर तो नवा करार ठरतो. "नुसती पोच द्या" म्हणून पुढे केलेल्या छापील कागदात "सदर बाकी मला मान्य आहे" अशी ओळ असते. ती ओळ शोधा. बँकेचं पत्र मिळालं एवढंच लिहायचं असेल तर "फक्त पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही" असं हातानं लिहून सही करा.

नवं-जुनं केव्हा करावं? जमीन चांगली आहे, कर्ज तिच्या किमतीच्या मानानं लहान आहे, सगळे भाऊबहीण राजी आहेत आणि यंदा पीककर्ज हवंच आहे, तर ते शहाणपणाचं ठरू शकतं. त्याआधी बँकेकडून पूर्ण खातेउतारा घ्या आणि व्याजात सूट मागा. सूट मिळण्याची संधी सहीच्या आधी असते.

वारस फेरफार केला तर कर्ज आपल्या नावावर येईल, म्हणून आम्ही तो केलाच नाही. बरोबर केलं ना?

नाही, यात तुमचंच नुकसान आहे. जमिनीवरचा बोजा सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात असतो. फेरफार करा किंवा करू नका, तो तिथेच राहतो. फेरफार केल्यानं तो तुमच्या पगारावर किंवा घरावर चढत नाही. आणि फेरफार नसला की पीककर्ज नाही, पीक विम्यात अडचण, अतिवृष्टीची मदत मृताच्या नावावर अडकलेली, पीएम किसान बंद.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-वयं-नाती असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधार घेऊन तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अडतं ते दोन ठिकाणी: बहिणींची नावं गाळलेली असतात, किंवा बाबांचं नाव सातबाऱ्यावर एक आणि आधारवर दुसरं असतं.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करा. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि मग पुढचं सगळं तिथेच थांबतं.

पीएम किसानचा हप्ता बाबा गेल्यावरही खात्यात आला. काढावा का?

नाही. तो परत करावा लागतो. बाबांच्या एटीएम कार्डानंही काही काढू नका, इतर वारसांची तक्रार आली तर प्रकरण पोलिसांत जातं. जमीन वारसानं नावावर आली की स्वतःची नवीन नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना ही योजना मिळत नाही, पण वारसाहक्कानं आलेल्या जमिनीला त्यात अपवाद आहे.

सावकाराचं देणं आहे. तो शेकडा पाच टक्के महिना सांगतो आणि कोऱ्या स्टॅम्पवर बाबांची सही दाखवतो.

महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, बिगरशेती कर्जाला अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही.

पहिला प्रश्न विचारा: परवाना दाखवा. परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यावर कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. शेजाऱ्यानं एकदा अडीनडीला दिलेले हातउसने पैसे मात्र सावकारी ठरत नाहीत. ते देणं खरं असेल तर खरंच आहे.

आता जमिनीचं. आपल्याकडे जुनी रीत आहे: कर्ज दिलं की सावकार वावराची "खरेदी" करून घेतो आणि तोंडी सांगतो, पैसे दिले की परत करून देईन. कागदावर ती विक्री दिसते. बाबा गेले की तोंडी शब्दही गेला. अशी जमीन परत मिळवण्याची वाट कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. सावकारीच्या व्यवहारातून गेल्या १५ वर्षांत गेलेली जमीन असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खरेदीखत रद्द ठरवू शकतात आणि ताबा वारसाला देण्याचा आदेश काढू शकतात. अर्जासोबत हे जोडा: खरेदीखताची प्रत, त्या वर्षीचा आसपासच्या जमिनीचा सरकारी दर (खरेदीची किंमत त्याहून फार कमी असेल तर तो मोठा पुरावा), सातबाऱ्याची पीक पाहणी (खरेदीनंतरही वहिवाट तुमचीच दिसत असेल तर दुसरा पुरावा), व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, फोन-पेचे व्यवहार, आणि त्याच सावकारानं गावात आणखी कोणाकोणाच्या खरेद्या केल्या त्यांची यादी. ही शेवटची यादी दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते आणि चौकशीत तिचं वजन पडतं.

बाबांच्या सहीचा चेक सावकाराकडे असेल आणि तो "चेकची केस टाकतो" म्हणाला, तर घाबरू नका. चेक न वटल्याचा फौजदारी गुन्हा सही करणाऱ्यापुरता असतो, तो वारसांवर चालत नाही.

कृषी केंद्राची उधारी कशी तपासायची?

बिलं मागा. बियाणं, खत, औषध यांच्या पक्क्या बिलावर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर असतो. नुसत्या वहीतल्या आकड्यावर पैसे देऊ नका. तीन वर्षांपूर्वीची बाकी असेल आणि मधे ना लेखी कबुली ना भरणा, तर ती कोर्टातून वसूल होत नाही.

सेवा सहकारी सोसायटी आणि जिल्हा बँकेचं काय? ते तर कोर्टात न जाता जप्ती आणतात.

हो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून, कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे त्यांना जप्ती-लिलाव करता येतो. बाबांनी इकरार करून दिलेली, म्हणजे सोसायटीच्या कर्जासाठी बोजा लिहून दिलेली जमीन यात सगळ्यात आधी येते. म्हणून कलम १०१ ची नोटीस आली की ती "नेहमीचीच" म्हणून बाजूला ठेवू नका. तारखेला हजर राहून लेखी म्हणणं द्या: कर्जदार अमुक तारखेला वारले, आम्ही वारस, जबाबदारी फक्त मिळालेल्या मालमत्तेपुरती. मृत माणसाच्या नावावर दाखला काढला असेल तर ती हरकत तिथेच नोंदवा. सोसायटीच्या बाबतीत मुदत सभासदाच्या मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, म्हणून "कर्ज जुनं आहे, मुदत संपली" असं धरून बसू नका.

बाबांच्या नावावरचे शेअर्सही विसरू नका. ती रक्कम वारसांची आहे, हिशेबात वळती करून मागा.

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना यांच्या यादीत बाबांचं नाव होतं का, हेही सोसायटीतच कळेल. भूविकास बँकेची कर्जं राज्य सरकारनं २०२२ मध्ये माफ केली, तरी बोजा कमी करण्याचा फेरफार झाल्याशिवाय सातबारा कोरा होत नाही.

राष्ट्रीयीकृत बँक वावर थेट ताब्यात घेऊ शकते का?

कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमीन ताब्यात घेता येत नाही, कलम ३१ नं ती वगळली आहे. बँकेला दावा करावा लागतो. शेतीवर पोट असलेल्या कास्तकाराचं राहतं घर, अवजारं, कामाचे बैल आणि पेरणीपुरतं बियाणं दिवाणी जप्तीतून वगळलेलं आहे. वावर मात्र वगळलेलं नाही.

बाबांचा विमा होता का, हे कसं कळेल? मदत कुठून मिळू शकते?

हे काम कर्जाच्या बोलणीआधी करा. कित्येक कर्जांसोबत विमा असतो आणि बँक स्वतःहून सांगत नाही.

बाबांच्या पासबुकात मे-जूनमधल्या वजावटी बघा. ४३६ रुपये गेले असतील तर जीवन ज्योती विमा, २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख (वय ५५ पर्यंत), दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख (वय ७० पर्यंत). पासबुक मिळत नसेल तर खातेउतारा काढा. ट्रॅक्टर, मायक्रोफायनान्स आणि घरकर्जाच्या हप्त्यात विम्याचा हप्ता बेमालूम जोडलेला असतो, कर्जमंजुरीच्या पत्रात तो शोधा.

साप चावला, वीज पडली, विजेचा शॉक लागला, विहिरीत पडले, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. शवविच्छेदन झालं नसेल तर दावा अडकतो, आणि सर्पदंशात घरचे नेमकं तेच टाळतात.

आत्महत्येच्या प्रकरणात राज्य सरकारची १ लाखाची मदत आहे: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. प्रकरण तहसीलदारांच्या अहवालावरून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि तिथे थकीत कर्जाचा पुरावा लागतो. म्हणून बँकेच्या थकबाकीच्या नोटिसा फाडून टाकू नका. मदत आईच्या स्वतःच्या खात्यात घ्या. बाबांच्या थकीत खात्यात घेतली तर ती कर्जात वळती होण्याची भीती असते.

ट्रॅक्टर आणि सोनेतारण?

ट्रॅक्टर कंपनीकडे तारण असतो. ठेवायचा असेल तर हप्ते चालू ठेवा आणि आरटीओत मृत्यू कळवून नमुना ३१ वर वारसांच्या नावे बदल करा. परवडत नसेल तर उभा ठेवून गंजू देऊ नका, लेखी यादी आणि फोटोसह परत करा आणि लिलावाची नोटीस मागा. लिलावात कमी पडलेली रक्कम मालमत्तेतून मागतात, म्हणून लिलाव स्वस्तात उरकला तर हरकत घ्या.

सोन्याला तर मुदत पाहून लगेच हालचाल करा. कर्ज भरून वारसाला दागिने सोडवता येतात. लिलाव झालाच तर कर्ज वजा जाता उरलेले पैसे वारसांचे.

आईच्या बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज?

आई हयात असेल तर ते तिचंच कर्ज आहे, बाबांच्या जाण्यानं ते संपत नाही. पण अशा कर्जांत नवऱ्याचाही विमा काढलेला असतो, तो विचारा. आई गेली असेल तर गटातल्या इतर बायकांवर दबाव येतो आणि त्या तुमच्या दारात येतात. त्यांच्याशी नीट बोला, आधी विम्याचा दावा टाका.

बहिणीचं लग्न झालंय. तिच्यावरही येतं का?

तिचा वाटा भावाइतकाच, म्हणून जबाबदारीही त्या वाट्यापुरती. हक्कसोडपत्र केलं तरी जमिनीवरचा बोजा जात नाही. ते कर्जाच्या भीतीनं बहिणीकडून लिहून घेऊ नका. घ्यायचंच तर तिच्या मर्जीनं, नोंदणी करून.

आम्ही मुस्लिम आहोत. आणि आमचे शेजारी गोंड आहेत.

मुस्लिम कायद्यात आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग वाटणी. वारस आपापल्या हिश्शापुरतेच जबाबदार. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे वारसा रूढीप्रमाणे चालतो. आदिवासीची जमीन कर्जाच्या बदल्यात बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय गेली असेल तर तो व्यवहार टिकत नाही, तहसीलदारांकडे लगेच अर्ज करा.

वसुलीवाले रात्री येतात, आईला वाईट बोलतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सला ही वेळ ९ ते ६ आहे. नातेवाइकांचा, शेजाऱ्यांचा पाणउतारा करणंही चालत नाही. नाव, ओळखपत्र, वेळ लिहून ठेवा, बोलणं रेकॉर्ड करा. आधी बँकेत लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, मदत क्रमांक १४४४८. धमकी असेल तर थेट पोलीस ठाणं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००. घरात कोणी फार खचलं असेल, एकटं बसू लागलं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतो. कर्जाच्या कागदांपेक्षा हा फोन आधी.

लोकअदालतीत तडजोड करावी का?

करावी, पण तयारीनं. मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती हे वेगळं काढून मागा आणि बोलणी मुद्दलापासून सुरू करा. तडजोडीच्या कागदात "मृताचे वारस म्हणून, मिळालेल्या मालमत्तेपुरते" हे शब्द घाला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. हप्ता चुकला तर सूट रद्द होते का, ही अट सहीआधी मोठ्यानं वाचून घ्या.

सगळं भरलं. आता काय घ्यायचं?

बेबाकी दाखला (काहीही देणं बाकी नसल्याचा), बाबांनी दिलेले कोरे चेक आणि मूळ कागद, आणि बोजा कमी करण्याचं तलाठ्याच्या नावे पत्र. घरकर्ज किंवा इतर वैयक्तिक कर्ज असेल तर बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बोजा कमी करण्याचा फेरफार वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो. महिन्याभरानं नवा सातबारा काढून प्रत्येक गट क्रमांकाचा "इतर हक्क" रकाना वेगवेगळा तपासा, कारण तीन गटांवर बोजा असतो आणि कमी होतो एकाच गटावरून.